जेवण नाही तरी शुगर ३१२! मधुमेह आणि छातीचा आजार एकत्र आला तर घरी काय करायचं

आमच्या सोलापुरातली संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकते तोवर आमच्या गल्लीतली अर्धी घरं खोकायला लागलेली असतात. होम मैदानावरची धूळ, गर्दी, पहाटेची थंडी आणि वर संक्रांतीचा तिळगूळ, सगळं एकाच आठवड्यात. तीन वर्षांपूर्वी त्याच दिवसांत आमच्या आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सर्दी झाली. दुसऱ्या दिवशी ताप आला, तिसऱ्या दिवशी छातीत घरघर सुरू झाली. त्यांना शुगर सोळा वर्षांची, रात्रीचं इन्सुलिन चार वर्षांचं. तोंडाला चव नव्हती, दिवसभरात अर्धा कप चहा आणि दोन घास भात एवढंच गेलं होतं. रात्री म्हणाल्या, "पोटात काय गेलंच नाही की गं. आज सुई कशाला? उगं साखर उतरून पडंन मी." मलाही ते पटलं. सुई दिली नाही. रात्रभर त्या पाच वेळा लघवीला उठल्या. सकाळी उपाशीपोटी मोजली तर ३१२.

मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. पण त्या आठवड्यानंतर डॉक्टरांना विचारून विचारून एक वही केली. आता नात्यागोत्यात कुणाला नवीन शुगर निघाली की ती वही मागायला येतात. ज्यांच्या घरात मधुमेह नवा आहे आणि त्यात पहिलाच मोठा खोकला आलाय, त्यांच्यासाठी ती इथे उतरवते आहे.

आधी एवढं कळू द्या

अंगात जंतुसंसर्ग शिरला की शरीर त्याला संकट समजतं. कॉर्टिसॉल, ॲड्रेनलीन, ग्लुकागॉन ही हार्मोन्स वाढतात. ती लिव्हरमधली साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतात आणि वर इन्सुलिनची धारही बोथट करतात. ताटात काही नसलं तरी घरच्या कोठारातून माल येतच राहतो. मग साखर चढली की लघवी वाढते आणि पाणी जातं. तापानं आणि भरभर श्वासानं आणखी जातं. पाणी कमी झालं की साखर अजून वर. चढ्या साखरेत पांढऱ्या पेशींना जंतूंशी नीट लढता येत नाही, म्हणून चार दिवसांचा खोकला पंधरा दिवस पिच्छा सोडत नाही.

आत्यांची भीती अगदीच खोटी होती असंही नाही. काही गोळ्या आणि काही इन्सुलिनं पोट रिकामं असताना साखर खरोखर पाडतात. एकाच आजारपणात साखर वरही जाऊ शकते आणि खालीही, आणि अंगावरून ते ओळखता येत नाही. तापात घाम येतो, साखर उतरली तरी घाम येतो. थकवा दोन्हीत. अंदाजानं काही करायचं नाही, आधी मोजायचं.

पायरी पहिली: बरं असतानाच डबा भरा

आमचा डबा म्हणजे दिवाळीतला शंकरपाळ्यांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात ग्लुकोमीटर, निदान पन्नास पट्ट्या, सुया, मीटरचा जास्तीचा सेल, थर्मामीटर, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसच्या पुड्या, ग्लुकोज पावडर आणि पेन अडकवलेली वही असते. टाइप १ (ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही, तो मधुमेह) असलेल्यांच्या किंवा पुढे सांगते त्या 'ग्लिफ्लोझिन' गोळ्या घेणाऱ्यांच्या डब्यात लघवीतले कीटोन (अंगातली चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासायच्या पट्ट्याही हव्यात. मेडिकलमध्ये मिळतात, नसतील तर मागवून देतात.

डब्याची जागाही बघा. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. पत्र्याच्या खोलीत, खिडकीत किंवा टीव्हीवर ठेवलेल्या पट्ट्या खराब होतात आणि मग आकडे खोटे येतात. साधारण ३० अंशांच्या आत, कोरड्या जागी, झाकण घट्ट लावून ठेवायच्या. पट्टी काढली की बाटली लगेच बंद. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. फ्रिज नसला किंवा लाईटीचा भरवसा नसला तर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं भांडं बरंच काम भागवतं.

डब्यापेक्षाही मोलाची म्हणजे डॉक्टरांच्या हातची चिठ्ठी. नेहमीच्या तपासणीला जाल तेव्हा, म्हणजे बरं असतानाच, चार प्रश्न विचारून उत्तरं लिहून घ्या. उलट्या झाल्या किंवा जेवण गेलं नाही तर यातली कुठली गोळी थांबवायची? इन्सुलिन किती आकड्याला किती वाढवायचं किंवा कमी करायचं? किती आकडा आला की फोन करायचा? रात्री-अपरात्री कुठे जायचं? रात्री दोन वाजता ताप १०२ असताना हे प्रश्न कुणाला सुचत नाहीत, आणि सुचले तरी फोन उचलायला कुणी नसतं. आमची चिठ्ठी फ्रिजच्या दारावर चिकटवलेली आहे.

पायरी दुसरी: मोजणी

घसा धरला, नाक वाहू लागलं, त्याच दिवशी मोजायला सुरुवात करायची, ताप यायची वाट बघायची नाही. कधीकधी ताप यायच्या आधीच साखर चढलेली दिसते. आत्यांच्या वहीत दोनदा असं झालंय की आधी कारण नसताना २२० आली आणि संध्याकाळी कणकण.

फक्त गोळ्यांवर असलेल्यांनी दिवसातून तीन-चार वेळा मोजलं तरी पुरतं: सकाळी उपाशीपोटी, दोन्ही जेवणांआधी आणि झोपताना. इन्सुलिनवर असाल तर दर चार तासांनी. टाइप १ असेल, विशेषतः मूल असेल, तर दोन ते चार तासांनी, आणि रात्रीही उठून. पट्ट्या महाग पडतात हे मला माहीत आहे. पण वर्षभर रोज मोजण्यापेक्षा आजारपणाच्या या आठ दिवसांत मोजणं जास्त उपयोगाचं, असं माझं मत. पट्ट्या यासाठी राखून ठेवा.

आता हात धुण्याचं. हे मी सांगते तेव्हा सगळे मान डोलावतात आणि कुणी करत नाही. मागच्या वर्षी दुपारी आत्यांची शुगर २८७ आली. सकाळी १७० होती, मधे काही विशेष खाल्लं नव्हतं. मी चिठ्ठी काढून फोन लावायच्या बेतात होते, तेवढ्यात बोटांकडे लक्ष गेलं. नखांच्या कडेला लालसर डाग. नातवाला डाळिंब सोलून देत बसल्या होत्या. साबणानं हात धुतले, कोरडे पुसले, दुसऱ्या बोटातून घेतलं, तर १९६. बोटावर सुकलेला एवढासा रस नव्वदचा फरक पाडून गेला. नुसतं स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही, साबण-पाणीच हवं. स्पिरिट वापरलंच तर पूर्ण वाळू द्या. सुई बोटाच्या शेंड्यावर मधोमध न मारता कडेला मारा, दुखतं कमी. आणि रक्त यावं म्हणून बोट कचकचून पिळू नका.

वहीत रकाने आखा: वेळ, शुगर, ताप, ऑक्सिजन, काय खाल्लं-प्यायलं, कुठलं औषध, लघवी झाली का. शेवटचा रकाना बघून आत्या आधी रागावल्या होत्या, "आता हेबी लिवून ठेवणार व्हय?" पण सहा-आठ तास लघवी झाली नाही ही गोष्ट डॉक्टरांना आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते.

आजारपणात आकडा किती असावा? साधारण ११० ते १८० मध्ये राहिला तर उत्तम. वयस्कर माणूस तापात २०० पर्यंत गेला तर घाबरून जाऊ नका. सलग दोनदा २५० च्या वर आला तर डॉक्टरांना फोन. मीटरनं आकड्याऐवजी 'हाय' दाखवलं तर साखर मीटरच्या मोजण्याच्या पलीकडे गेली, बहुतेक मीटरमध्ये ६०० च्या वर. तेव्हा फोनवर बोलत बसायचं नाही, निघायचं.

पायरी तिसरी: सुई आणि गोळ्या

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबते.

इन्सुलिन आपल्या मनानं बंद करायचं नाही. रात्री किंवा दिवसातून एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन जेवणासाठी नसतं, लिव्हरच्या त्या कोठाराला कुलूप लावण्यासाठी असतं. कोठार तापातच जास्त उघडतं. आजारात हा डोस बऱ्याचदा वाढवावा लागतो, कधी कमीही करावा लागतो, पण तो शून्यावर आणायचा नाही. टाइप १ मध्ये इन्सुलिन थांबवणं थेट जिवावर बेततं. जेवणाआधीच्या झटपट इन्सुलिनचं वेगळं आहे, ते खाल्ल्यावर अवलंबून. माणूस किती खाईल याचा भरवसा नसेल तर जेवण झाल्या झाल्या देता येतं का, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आपल्याकडे बरेच जण ३०/७० सारखं मिश्र इन्सुलिन घेतात. त्यात दोन्ही प्रकार एकत्र असतात, म्हणून अर्धंच जेवण गेलं तर डोस किती, याचं उत्तर चिठ्ठीत हवंच.

आता गोळ्या. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा. वरच्या ठळक नावाकडे बघू नका, ते कंपनीचं असतं. आतली नावं शोधा.

मेटफॉर्मिन: साध्या सर्दी-खोकल्यात चालू राहतं. पण उलट्या-जुलाब झाले, पाणी पोटात टिकेना, धाप लागली, ऑक्सिजन खाली गेला, तर ते थांबवायला सांगतात. अंगात पाणी आणि ऑक्सिजन कमी असताना त्यामुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साठू शकतं.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड: साखर पाडणाऱ्या त्या याच. जेवण गेलं नाही आणि गोळी गेली तर साखर सत्तरच्या खाली येऊ शकते, आणि वयस्कर माणसात, किडनी कमजोर असलेल्यात, ती बराच वेळ वर येत नाही. जेवण नाही तर ही गोळी द्यायची की नाही, ते विचारूनच.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन: शेवटी 'ग्लिफ्लोझिन' आलं की कान टवकारा. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, ती स्वस्त झाली, आणि आता घरोघरी कुठल्या ना कुठल्या मिश्र गोळीत ती सापडते. गोळी चांगलीच आहे, हृदयाला आणि किडनीलाही तिचा फायदा होतो. पण माणूस आजारी, खाणं बंद, अंगात पाणी कमी, अशा वेळी तिच्यामुळे रक्तात कीटोन साठू शकतात, आणि गंमत म्हणजे मीटरवर शुगर १६०-१८० अशी साळसूद दिसते. घरातले म्हणतात शुगर तर नॉर्मल आहे, ॲसिडिटी असेल. म्हणून ताप येऊन जेवण सुटलं की ही गोळी थांबवायचा सल्ला देतात. नीट जेवण सुरू झाल्यावर पुन्हा चालू. गोळी घेणाऱ्याला मळमळ, उलटी, पोटदुखी, भरभर श्वास असं काही झालं तर आकडा कितीही छान असू दे, कीटोन तपासा.

बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या आणि शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असणाऱ्या, अंगातलं पाणी फार कमी झालं तर एक-दोन दिवस थांबवाव्या लागतात, नाहीतर किडनीवर ताण येतो. हाही निर्णय डॉक्टरांचा. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनानं घेऊ नका, कारण तेच, किडनी. तापाला पॅरासिटामॉल पुरे.

पायरी चौथी: खाणं-पिणं

खाणं पूर्ण बंद करायचं नाही. शुगर वाढलीय म्हणून आजारी माणसाला उपाशी ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. अंगाला काहीच मिळालं नाही की ते चरबी जाळायला लागतं आणि कीटोन वाढतात. नेहमीचं जेवण जात नसेल तर दर तीन-चार तासांनी साधारण ४५-५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत, थोडी थोडी करून. एका मध्यम ज्वारीच्या भाकरीत ३५-४० ग्रॅम असतात, मध्यम केळ्यात २५, पेलाभर दुधात १०. गरम भाकरी पातळ आमटीत कुस्करून आजारी माणसाला जाते. कडक भाकरी मात्र या दिवसांत नको, घशाला टोचते आणि खोकल्याची उबळ येते. ज्वारीची आंबील, मूगडाळीची मऊ खिचडी, ताक हे आमचे नेहमीचे तीन पदार्थ. शेंगाची चटणी आत्या तरीही मागतात. चिमूटभर देते, तिच्यामुळे दोन घास जास्त जात असतील तर माझी हरकत नाही. शेंगापोळीला मात्र हरकत आहे, तिच्यात गूळ.

गुळावरून आठवलं. गूळ, मध, काकवी 'नैसर्गिक' असल्यानं शुगर वाढत नाही, असा समज आमच्या आळीत पक्का आहे. रक्ताला यातला फरक कळत नाही. चमचाभर मधात पाच-सहा ग्रॅम साखर आहे. खोकल्याला एकदा चाटला तर आकाश कोसळत नाही. पण दिवसातून चार वेळा गुळाचा काढा, वर च्यवनप्राश, वर आलेपाक असं झालं की वहीतला आकडा लगेच सांगतो. काढा बिनगुळाचा करा. हळदीचं दूध बिनसाखरेचं करा.

पाणी तासाला साधारण एक कप, घोट घोट. साखर २०० च्या वर असेल तर साधं पाणी, पातळ ताक, मीठ-लिंबूपाणी, बिनसाखरेचा चहा. साखर कमी असेल आणि खाणं जात नसेल तर त्याच घोटांत थोडी साखर असू द्या. ओआरएसला मधुमेही माणसं उगाच भितात. पुडी लिटरभर पाण्यात घातली की तिच्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे एका पेल्यात जेमतेम पावणेतीन ग्रॅम. उलट्या-जुलाब असतील तर खुशाल द्या. पण पुडी विकत घेताना तिच्यावरचं प्रमाण वाचा. ओआरएस म्हणून खोक्यातली गोड पेयं उचलून आणू नका. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, किडनीचा त्रास असलेल्यानं ते विचारून प्यावं. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे आणि पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी हा 'तासाला एक कप'चा हिशेब लावू नये, त्यांचं माप वेगळं.

साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच. १५ मिनिटांनी परत मोजा, अजून खाली असेल तर परत तेवढंच. वर आली की थोडं खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन करा.

पायरी पाचवी: खोकल्याच्या औषधात चोर कोण

मेडिकलमध्ये पहिला प्रश्न असतो, "शुगर-फ्री सिरप आहे का?" जरूर घ्या. पण पाच मिलीच्या चमच्यात फार तर चारेक ग्रॅम साखर मावते. तिच्यापायी ३०० होत नाही. चोर दुसराच असतो, आणि तो कडू असतो.

त्याचं नाव स्टिरॉईड. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, डेफ्लाझाकॉर्ट या नावांनी गोळीत किंवा इंजेक्शनात येतो. दमा उसळला, छाती फार भरली, तर स्टिरॉईड लागतो आणि जीवही वाचवतो. पण साखर तो हमखास चढवतो. दोन वर्षांपूर्वी आत्यांना एका दवाखान्यात "दोन इंजेक्शनं देतो, मोकळं वाटेल" म्हणून सुया दिल्या. मोकळं वाटलंही. संध्याकाळी शुगर ४३०. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तेव्हा कळलं, एक सुई डेक्सामेथासोनची होती. शुगर आहे हे आम्ही सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. तेव्हापासून केबिनमध्ये शिरताना माझं पहिलं वाक्य, "यांना शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे," आणि निघतानाचं शेवटचं, "यात स्टिरॉईड आहे का?" लाजायचं नाही.

स्टिरॉईड लागणारच असेल तर एक खूण लक्षात ठेवा. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोननं साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते, पहाटे उतरते. फक्त उपाशीपोटी मोजणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून स्टिरॉईड चालू असेपर्यंत दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजायचंच. आकडे दाखवून औषध तेवढ्या दिवसांसाठी वाढवून घ्या. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीनं महाराष्ट्रात जो कहर केला, त्यात अनियंत्रित साखर आणि स्टिरॉईड ही जोडी पुढे होती. ओढायच्या पंपातलं किंवा नेब्युलायझरमधलं बुडेसोनाइड मात्र फुफ्फुसातच बरंचसं काम करतं, साखरेवर त्याचा परिणाम त्या मानानं किरकोळ. शुगरच्या भीतीनं दम्याचा पंप बंद करू नका. ओढून झाल्यावर चूळ भरा, एवढंच.

अँटिबायोटिकमध्ये लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन या गटाची औषधं साखर वर-खाली दोन्हीकडे नेऊ शकतात. त्याच गटातलं गॅटिफ्लॉक्सासिन साखरेतल्या अशाच गोंधळामुळे भारतात २०११ मध्ये बंद झालं. क्लॅरिथ्रोमायसिन ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर आलं तर साखर पडू शकते. म्हणून नवं औषध सुरू झालं की दोन दिवस मोजणी वाढवा, आणि मेडिकलवाल्याकडून 'मागच्या वेळचंच' मागून आणू नका. सर्दीच्या गोळीतलं फिनाइलएफ्रिन नाक मोकळं करतं, पण बीपी आणि शुगर थोडी वाढवू शकतं. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसांनी काही मीटर आणि दंडावर चिकटवायचे शुगरचे सेन्सर खोटा वाढीव आकडा दाखवतात. एवढ्या गोळ्या कशाला, लिंबू पिळा की.

पायरी सहावी: इथे घरगुती उपाय संपतात

पुढचं काहीही दिसलं तर वही आणि सगळी औषधं पिशवीत घालून निघायचं.

ऑक्सिजन ९४ च्या खाली आला तर डॉक्टरांना लगेच कळवा, ९० किंवा खाली तर थेट हॉस्पिटल. मोजताना बोट गरम असावं, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश नसावं, आणि आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्यावा. फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्यांचा नेहमीचाच आकडा कमी असू शकतो, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. श्वास एक पूर्ण मिनिट मोजा, त्यांना न सांगता, नाहीतर माणूस मुद्दाम हळू घेतो. बसल्या जागी मिनिटाला २४ च्या वर असेल तर फोन, ३० च्या आसपास असेल तर गाडी.

साखर ३०० च्या वर आहे आणि औषध-पाणी देऊनही चार-सहा तासांत उतरत नाही. चार तास पाणीही पोटात टिकत नाही. लघवीत कीटोन मध्यम किंवा जास्त दिसतात. छातीत दुखतं, थुंकीत रक्त येतं, ओठ निळसर दिसतात. माणूस असंबद्ध बोलतो, गुंगीत आहे, हाक मारली तर उशिरा 'ओ' देतो. वयस्करांमध्ये साखर ६०० च्या पलीकडे जाऊन अंगातलं पाणी आटलं की हीच गुंगी येते, आणि घरातले समजतात तापानं झोप लागलीय.

एक फसवी खूण वेगळी सांगते. कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी झालं की माणूस खोल आणि भरभर श्वास घ्यायला लागतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, पोट दुखतं. आधीच खोकला असल्यानं सगळ्यांना वाटतं छाती भरली. वाफारा देत बसतात आणि वेळ जातो. दम लागलाय आणि मधुमेह आहे, तर ऑक्सिमीटर आणि ग्लुकोमीटर दोन्ही लावायचे. वाहन नसेल तर १०८. इथलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, चोवीस तास आहे. तुम्हाला जवळचं कुठलं, रात्री तिथे रिक्षा कोण नेईल, त्याचा नंबर कुठे, हेही चिठ्ठीवर लिहा.

बरं वाटायला लागल्यावर

ताप उतरला, भूक परतली, स्टिरॉईड संपलं की साखर दोन-चार दिवसांत खाली यायला लागते. आजारात वाढवलेलं इन्सुलिन तेवढंच चालू राहिलं तर मग खरोखर पडायची पाळी येते. पहाटे तीनला ६२ आलेली नोंद आमच्या वहीत आहे, खोकला थांबल्यानंतर चौथ्या दिवशीची. म्हणून बरं वाटल्यावरही आठवडाभर मोजत राहा आणि डोस उतरवण्यासाठी डॉक्टरांना फोन करा. थांबवलेल्या गोळ्या कधी सुरू करायच्या तेही त्याच फोनवर विचारून घ्या, नाहीतर त्या कायमच्या राहून जातात.

आणि खोकला दोन आठवडे उलटले तरी गेला नाही, तर थुंकीची टीबी तपासणी करायचीच. मधुमेह असलेल्याला टीबी होण्याचा धोका दोन-तीन पट जास्त असतो. आपल्याकडे शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम करणारे, घरी विड्या वळणाऱ्या बायका, यांना खोकला म्हणजे रोजचाच पाहुणा. सुताचा फुफाटा, तंबाखूची धूळ, म्हणून तो कुणी मोजत नाही. शुगर असेल तर मोजा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. टीबीचं औषध सुरू झालं तर शुगरच्या गोळ्या सांगा, कारण रिफाम्पिसिनमुळे त्यातल्या काहींचा असर कमी होतो आणि डोस बदलावा लागतो.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि न्यूमोनियाची वेगळी असते. आत्यांना दोन्ही दिल्या आहेत, पावसाळ्याच्या तोंडावर. पहिल्या वर्षी दंड दुखला म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. यंदा जूनमध्ये स्वतःच वही उघडून तारीख दाखवली, "चल की, उशीर होतोय."